कमी पैशांत घरभर पोटभर जेवण: पहिल्या महिन्याची वाट

घरातली एक मिळकत अचानक बंद झाली तेव्हा आम्ही चार माणसं होतो, त्यात दोन वाढत्या वयाची मुलं. मी सगळ्यांना सुचतं तेच केलं. जे जे महाग ते यादीतून खोडलं. डाळी कमी केल्या, अंडी बंद केली, भात आणि बटाटा वाढवला. पहिल्या आठवड्यात बिल खरंच खाली आलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मुलं जेवून उठल्यावर दोन तासांत पुन्हा स्वयंपाकघरात घुटमळतायत आणि मी बिस्किटांचे पुडे आणतेय. महिन्याच्या शेवटी हिशेब केला, तर वाचलेले सगळे पैसे त्या पुड्यांत गेले होते. वर सगळे चिडचिडे झाले ते वेगळंच.

मग बसून पहिल्यापासून शिकले. तुमच्यावर तशी वेळ आली असेल किंवा नव्याने घर चालवायला घेतलं असेल, तर हे सगळं क्रमाने करा. मधल्या पायऱ्या गाळू नका, विशेषतः पहिली. ती कंटाळवाणी आहे म्हणून सगळे गाळतात.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- साधा वजनकाटा. स्वयंपाकघरात नवीन विकत घ्यायची ही एकच वस्तू, आणि ती महिनाभरात वसूल होते.
- वही आणि पेन. मोबाईलमध्येही लिहिता येतं, पण वही ओट्याजवळ उघडी राहते.
- प्रेशर कुकर. नसेल तर जड बुडाचं, घट्ट झाकणाचं मोठं पातेलं.
- कोरडे, घट्ट झाकणाचे पाच-सहा डबे. जामच्या धुतलेल्या बरण्याही चालतात.
- मागच्या महिन्याच्या किराण्याच्या आणि भाजीच्या पावत्या. सापडतील तेवढ्या.

१. आठवडाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा

पानावर तीन रकाने आखा: आणलं, शिजवलं, टाकलं. जेवढं आठवेल तेवढं रोज रात्री लिहायचं. पैशांचा रकाना अजून नको.

महत्त्वाचा रकाना तिसरा. माझ्या पहिल्या आठवड्याच्या "टाकलं"मध्ये होतं: दीड वाटी भात, अर्धी जुडी कोथिंबीर (काळी पडलेली), पावाची चार टोकं, अर्धा कोबी, उतू गेलेलं दूध, आणि "चव बिघडली म्हणून" पातेलंभर भाजी. हे सगळं मी पैसे देऊन आणलं होतं. त्या भाजीत तर तेल, गॅस आणि माझा पाऊण तासही गेला होता. स्वस्तातली भाजी शोधत फिरण्याआधी हा रकाना निम्म्यावर आणा. त्यासाठी कुणाच्या ताटातला एक घासही कमी करावा लागत नाही.

२. किलोचा भाव सोडा, ताटातला भाव काढा

नवखा माणूस दुकानात किलोचा भाव बघतो आणि तिथेच फसतो. पोटात किलो जात नाही. सोलून, निवडून, शिजवून जे उरतं ते जातं.

मटाराच्या शेंगा घ्या. एक किलो शेंगा सोलल्या की दाणे साधारण ४०० ग्रॅम हाती लागतात. म्हणजे दाण्यांचा खरा भाव शेंगांच्या भावाच्या अडीचपट. तेवढ्यात गोठवलेले दाणे मिळत असतील तर तेच स्वस्त, शिवाय सोलायचा वेळ वाचला. उलट तांदूळ शिजून वजनाने जवळजवळ तिप्पट होतो आणि सुकी कडधान्यं दोन ते अडीचपट. पाकिटावर महाग वाटणारी डाळ ताटात येईपर्यंत स्वस्त झालेली असते.

डबाबंद राजमा किंवा हरभरा घेणाऱ्यांनी हे एकदा करून बघाच. ४०० ग्रॅमचा डबा निथळला की दाणे २४० ग्रॅमच्या आसपास भरतात. तेवढे दाणे १०० ग्रॅम सुक्या कडधान्यातून घरी होतात. दोन्हींचे भाव शेजारी शेजारी लिहा आणि ठरवा. डबा कधीच घ्यायचा नाही असं मी म्हणत नाही. दमून आलेल्या संध्याकाळी बाहेरून जेवण मागवण्यापेक्षा डबा केव्हाही परवडतो.

तुम्ही नेहमी आणता त्या दहा वस्तूंचा असा हिशेब एकदाच करून वहीच्या मागच्या पानावर ठेवा. वस्तू आणल्यावर वजन करा, सोलून-निवडून पुन्हा करा, दिलेले पैसे दुसऱ्या वजनाने भागा. पुढे अंदाज आपोआप येतो.

३. ताटाचा सांगाडा पक्का करा

पदार्थ रोज बदलू दे, सांगाडा बदलू नका. एका मोठ्या माणसाच्या एका जेवणाला माझं माप असं आहे:

- धान्य (तांदूळ, गहू, मका, ज्वारी, जे तुमच्याकडे शिजतं ते): कोरडं ८० ते १०० ग्रॅम
- डाळ किंवा कडधान्य: कोरडं ४० ते ५० ग्रॅम
- भाजी: १५० ग्रॅमच्या आसपास
- तेल: दोन लहान चमचे

अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला धान्य जास्त लागतं, लहान मुलाला कमी. ते तुम्हाला दोन दिवसांत कळेल.

माझी पहिली चूक डाळीच्या ओळीत होती. १०० ग्रॅम तांदळात प्रथिनं ७ ग्रॅमच्या आसपास असतात, गव्हाच्या पिठात १० ते १२, मसुरात साधारण २४, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३६. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास. डाळ कापली की ताट तेवढंच भरलेलं दिसतं, पण भूक लवकर परत येते. शिवाय धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मिथिओनिन कमी असतं ते धान्यातून मिळतं. म्हणून जगभरच्या गरिबाघरच्या जेवणात धान्य आणि डाळ यांची जोडी दिसते. दोन्ही एकाच घासात हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं.

बटाट्याला मात्र उगाच नावं ठेवू नका. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकाचे खायला देऊन कुठल्याने पोट जास्त वेळ भरल्यासारखं वाटतं ते मोजलं होतं. उकडलेला बटाटा सगळ्यांत वर आला, पांढऱ्या पावाच्या तिपटीहून जास्त. पण उकडलेला. तळलेल्याचं तसं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, म्हणून ताटावर लिंबू पिळा किंवा कच्चा टोमॅटो ठेवा. जेवणाबरोबरचा चहा-कॉफी नेमकं उलटं काम करतो, तो तासभर पुढे ढकला.

आणि एक सांगते, राग मानू नका. पैसे कमी पडले की स्वयंपाक करणारी बाई स्वतःचं ताट कमी करते आणि "मला भूकच नाही" म्हणते. मीही केलं. दोन महिन्यांनी जिना चढताना धाप लागायला लागली. हिशेब चार माणसांचा असेल तर चौघांची ताटं वाढली गेली पाहिजेत. घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर त्यांच्या आहारात काटछाट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

४. कडधान्यं शिजवायला शिका

सगळी बचत इथे आहे आणि सगळे नवखे इथेच हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर.

*भिजवणं.* हरभरा, राजमा, वाटाणा यांना ८ ते १२ तास. दाणे फुगतात, म्हणून पाणी तिप्पट ठेवा. हवा गरम असेल तर रात्रभर बाहेर ठेवलेलं पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो. तेव्हा फ्रिजमध्ये भिजवा, नाहीतर मधे एकदा पाणी बदला. विसरलात? पाण्यात घालून दोन मिनिटं उकळा, झाकण ठेवून तासभर तसंच राहू द्या, मग ते पाणी ओतून टाका आणि शिजवायला घ्या. मसुरीची लाल डाळ भिजवली नाही तरी चालते.

*मीठ.* मीठ आधी घातलं की दाणे टणक राहतात हे मी आईकडून ऐकलं होतं आणि पंधरा वर्षं पाळलं. करून पाहिलं तर उलटं निघालं. भिजवण्याच्या लिटरभर पाण्यात १० ते १५ ग्रॅम मीठ घातलं की मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ होते आणि दाणा फुटत नाही. ते पाणी टाकून द्यायचं आणि शिजवताना मीठ बेताने घालायचं.

*आंबट.* टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर हे सगळं दाणे पूर्ण मऊ झाल्यावर. आंबटात दाण्याचा कणा विरघळत नाही, मग कितीही शिजवा. माझे पहिले दोन प्रयत्न यानेच फसले आणि मी दोष कुकरला देत होते.

*पाणी जड असेल तर.* क्षार जास्त असलेल्या पाण्यात दाणे शिजायला फार वेळ लागतो. चिमूटभर खायचा सोडा घातला की काम होतं, पण चिमूटभरच. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब१ जीवनसत्त्वही नष्ट होतं.

*शिजलं कधी म्हणायचं?* एक दाणा काढून बघू नका, पाच काढा. प्रत्येक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. साल न घसरता आतला गर लोण्यासारखा पसरला पाहिजे. पाचांतला एक जरी मधे कणीदार लागला तरी आणखी दहा मिनिटं. हा कणीदार दाणाच रात्री पोट फुगवतो आणि मग घरातली माणसं कडधान्याला नको म्हणतात.

*राजम्याचं वेगळं.* कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खळखळून उकळा. विष मोडायला पूर्ण उकळी १० मिनिटं लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ३० मिनिटांचा आहे, तोच पाळा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा कच्चा टाकून जाऊ नका. पाणी उकळीपर्यंत पोचलंच नाही तर तो कच्च्याहूनही जास्त बाधू शकतो.

*इंधन.* प्रेशर कुकरमध्ये पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, म्हणून भिजवलेला हरभरा पूर्ण दाब आल्यावर १५-२० मिनिटांत होतो. दाब आला की आच बारीक करा. मोठ्या आचेने आत काही लवकर होत नाही, नुसती वाफ बाहेर जाते.

आता माझी फजिती. एका दुकानात सवलतीत पाच किलो हरभरा मिळाला. घरी आणून भिजवला, शिजवला, पुन्हा शिजवला. तीन तास गॅस जाळूनही दाणे गोट्यांसारखे. कडधान्य जुनं झालं, विशेषतः उष्ण आणि दमट जागी पडून राहिलं, की त्याची शिजण्याची ताकदच जाते. शेवटी ते भाजून, भरडून पीठ केलं आणि चार महिने पुरवलं. तेव्हापासून नवीन दुकानातून आधी पाव किलोच आणते, शिजवून बघते, मग जास्त घेते.

५. खरेदी: एकदम साठा करायला जाऊ नका

"घाऊक घ्या, स्वस्त पडतं" असं सगळे सांगतात. ज्याच्या हातात या आठवड्यापुरतेच पैसे आहेत त्याने घाऊक कसं घ्यायचं हे कोणी सांगत नाही. मी असं केलं: दर आठवड्याला फक्त एक वस्तू मोठ्या पाकिटात. या आठवड्यात तांदूळ, पुढच्यात डाळ, मग तेल, मग पीठ. बाकी सगळं लहान. दीड-दोन महिन्यांत कोरडा साठा उभा राहतो आणि कुठल्याच आठवड्यात कंबर मोडत नाही.

दोन महिन्यांत संपणार नाही ते मोठं पाकीट घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. पोरकिडे तुमच्याआधी खातात. पीठ किंवा डाळ आणल्यावर जागा असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट बंदच राहू द्या आणि ते खोलीच्या तापमानाला आलं की मग डब्यात भरा, नाहीतर ओल धरते.

भाजी निवडताना टिकाऊपणा बघा. कोबी, गाजर, भोपळा, कांदा, बटाटा हे आठवडा सहज काढतात. पालेभाजी दोन दिवसांच्या वर आणू नका. फ्लॉवरचे दांडे, कोबीचा गाभा, मुळ्याचा पाला हे खायचं असतं, बारीक चिरून शिजवलं की कुणाला कळतही नाही.

बाकी नेहमीचंच: यादी करून जा, जेवून जा, आणि "दोनावर एक फुकट" दिसलं की ते दोन तुम्ही एरवी घेतले असते का एवढं स्वतःला विचारा.

६. आठवड्याचा आराखडा, पण सैल

सात दिवसांचे सात पदार्थ लिहून ठेवणारे तिसऱ्या दिवशी वही मिटतात. मी फक्त चार जेवणं ठरवते. एक रात्र उरलंसुरलं संपवायची. बाकीच्या दोन रात्री समोर असेल त्यावर.

एक कडधान्य एकदाच जास्त शिजवायचं आणि तीन रूपांत वाढायचं. रविवारी अर्धा किलो हरभरा शिजवला की सव्वा किलोच्या आसपास होतो. पहिल्या दिवशी कांदा-टोमॅटोच्या रश्यात. दुसऱ्या दिवशी पालेभाजीत मूठभर. उरलेला ठेचून, उकडलेला बटाटा आणि थोडं पीठ मिसळून, तव्यावर थोड्या तेलात टिक्क्या. मुलांना तो तोच हरभरा आहे हे सांगायची गरज नाही. चव बदलली की कंटाळा येत नाही: एकदा कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परता, एकदा लसणाची फोडणी, एकदा शेवटी लिंबू.

मधल्या भुकेचंही आधीच ठरवा. भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं अंडं, मीठ-लिंबू लावलेला हरभरा, यातलं एक रोज तयार हवं. ते नसलं की बिस्किटं येतात, आणि आमच्याकडे सगळी गळती तिथेच होती.

७. उरलेलं अन्न: इथे कंजूषपणा नको

शिळं अन्न वाचवताना कुणी आजारी पडलं तर महिन्याची बचत औषधांत जाते. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड जागी गेलं पाहिजे.

भाताला सगळे निरुपद्रवी समजतात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजूनही मरत नाहीत. भात बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात पसरट ताटात लवकर निववा, फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफाळेपर्यंत गरम करून संपवा. डाळी-कडधान्यं फ्रिजमध्ये तीन दिवस चालतात. फ्रिज नसेल तर मोजून एका वेळचंच शिजवा. वजनकाटा त्यासाठीही आहे.

बटाटे अंधारात ठेवा आणि कांद्यांपासून दूर. हिरवा पडलेला, कडू लागणारा बटाटा फेका. बुरशी लागलेले किंवा खवट शेंगदाणे निवडून वापरायचा मोह होतो, तोही टाळा. त्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

८. महिन्याचे शेवटचे तीन दिवस

हे दिवस येणारच, म्हणून त्यांची सोय पहिल्या आठवड्यातच करून ठेवायची. एका बरणीत पाव किलो लाल मसूर डाळ वेगळी काढा, वर चिठ्ठी चिकटवा आणि तिला हात लावू नका. दोन कांदे, दोन गाजरं, अर्धा किलो बटाटे एवढं बहुतेक घरात शेवटपर्यंत असतं.

दोन मोठे चमचे तेलात बारीक चिरलेला कांदा घाला आणि दहा मिनिटं द्या. घाई करू नका, सगळी चव या कांद्यातूनच येणार आहे. कडा तपकिरी झाल्या की लसूण असेल तर तो, घरात असेल तो मसाला, मग गाजर आणि सालासकट बटाट्याच्या लहान फोडी. धुतलेली डाळ आणि दीड लिटर पाणी. उकळी आली की वर आलेला फेस काढा, अर्धवट झाकण ठेवा, बारीक आचेवर २५ मिनिटं. पळीने भांड्याच्या कडेला थोडे बटाटे चेपले की रसा आपोआप दाट होतो. मीठ आणि लिंबू शेवटी. भात, पाव, पोळी, घरात असेल त्याच्याबरोबर चौघांचं एक जेवण पोटभर होतं आणि बहुधा सकाळसाठी वाटीभर उरतं. उरलेलं रात्रभर फ्रिजमध्ये थिजून घट्ट होतं, गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला.